रिकामं भांडं परदेशी जाताना

सामान बांधताना त्याची रीत ठरलेली. भांड्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायची, कान जवळ न्यायचा आणि माझ्याकडे बघून म्हणायचं, "रिकामं हाय बरं का, अण्णा."

"असू दे रिकामं. ठेव आत."

"रिकामं भांडं घराबाहीर धाडत न्हाईत."

"धाडतात. तिकडचा नियम आहे तसा."

यावर तो हसायचा. शर्टाच्या खिशातून फडक्याची पुरचुंडी काढायचा, तिच्यातली मूठभर ज्वारी भांड्यात सोडायचा आणि भांडं एकदा कपाळाला लावायचा. मग माझ्या तोंडावरचा राग बघून तीच ज्वारी पुन्हा फडक्यात ओतून घ्यायचा, कोरड्या कापडानं भांडं आतून पुसायचा आणि म्हणायचा, "घालायचं आन काढायचं. भांड्याला कळलं म्हंजी झालं. तुमच्या सायबाला काय कळायचं न्हाई."

'तुमचा साहेब' म्हणजे परदेशातल्या बंदरावरचा कस्टमचा अधिकारी. तो माझा जवळचा नातेवाईक असावा असंच त्याला वाटायचं, कारण मी दिवसभर त्याचंच नाव घेत असे.

त्याचं स्वतःचं नाव मी इथं लिहीत नाही. ज्यांनी सांगलीजवळच्या कुपवाडला चहाच्या गाड्यांवर त्याच्या नावानं हसून घेतलं, त्यांना ते न लिहिताही कळेल. हे मुख्यतः त्यांच्यासाठीच लिहितो आहे. आणि सांगली-साताऱ्याकडून कुणी परदेशी राहायला गेलं असेल, तर त्यांच्या घरातल्या कपबश्या ज्यानं कागदात गुंडाळल्या, तो टोपी घातलेला उंच माणूस तुम्हीही कदाचित पाहिला असेल.

माझा धंदा घरसामान परदेशी पाठवण्याचा होता. नोकरीसाठी, मुलांसाठी कायमचे तिकडे निघालेल्यांचं सामान बांधायचं, कागदपत्रं करायची आणि मुंबईच्या बंदरापर्यंत पोचवायचं. तुम्ही म्हणाल, आपल्याच घरच्या ताटवाट्या, त्यांना कसले आलेत नियम? पुष्कळ असतात. सामान आपलं आणि वापरलेलं असलं, बऱ्याच दिवसांपासून आपल्याकडे असलं, तर बहुतेक देश त्यावर जकात घेत नाहीत. जायच्या आधी बाजारात जाऊन नवंकोरं घेतलं, की घेतात. आणि ऑस्ट्रेलियासारख्या देशाचं तर वेगळंच. तिथं जकातीपेक्षा धास्ती असते ती बियाणाची, मातीची, किड्यांची. धान्याचा दाणा नको, बुटाच्या तळव्याला माती नको, कच्चं लाकूड नको. काय आहे आणि काय नाही, ते ज्याचं सामान त्यानं सही करून सांगायचं. खोटं निघालं तर सही करणाऱ्याची गय नाही.

मला हे सगळे नियम तोंडपाठ होते आणि त्याचा मला भारी गर्व होता.

तो मला कुपवाडच्या एका कारखान्यात भेटला. तिथं लाकडी खोकी बनवायचे. परदेशी जाणारं लाकूड भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारावा लागतो. त्यावरून तो पहिल्याच भेटीत मला म्हणाला होता, "लाकडाला ताप आनायचा आन वर शिक्का मारायचा! आमाला ताप आला तर मुकादम सुट्टीबी देत न्हाई." मी त्याला माझ्याकडे बोलावून घेतलं.

त्याचं गाव वडूजच्या अलीकडे, कोरड्या माळाचं. बापाचा मेंढवाडा होता. पावसाळा सरला की सगळं बिऱ्हाड घोड्यावर लादून कृष्णाकाठाला यायचं, असं त्याचं लहानपण. त्यामुळे सामान बांधणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं. "आमचं घर दर चार दिसाला बांदायचं आन सोडायचं. तुमच्या ह्या लोकांचं एकदाच बांदायचं, तर केवढा दंगा करत्यात!" मुठीच्या ज्वारीची रीतही तिथलीच. मोकळं भांडं घोड्यावर चढवलं तर पुढच्या मुक्कामाला चूल पेटत नाही, असं त्याची आई म्हणायची.

"पेटायची का नाही कधी?" मी एकदा विचारलं.

"आमी कदी मोकळं चढवलंच न्हाई. कळणार कसं?"

तो कामाला चोख होता, पण गरीब गाय नव्हता. लोकांच्या घरात नको तितकं नाक खुपसायचा. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, हे सामानाला हात लावल्याबरोबर त्याला कळायचं आणि ते तो सर्वांसमोर बोलून दाखवायचा. एकदा एका डॉक्टरांच्या घरी दोन वेगवेगळे मिसळणाचे डबे निघाले, तर हा म्हणतो, "दोन चुली हायेत जनू. मग दोन पेट्या करू का?" डॉक्टरीणबाई माझ्याशी नंतर बोलल्या नाहीत. शिवाय तंबाखू. ती सोड म्हटलं की म्हणायचा, "तिलाबी तुमच्या सायबाची बंदी हाय का?"

मिरजेच्या एका बाईंनी जायच्या आधी नवी कढई, नवा कुकर, नवा तवा घेतला. मी सांगितलं, नव्या वस्तूंवर जकात लागेल. याचा सल्ला वेगळा. त्यानं त्यांना हळूच सांगितलं, "रोज भजी तळा, वैनी. कढई म्हातारी हुती." आम्ही सामान बांधायला गेलो तेव्हा कढई काळीकुट्ट झालेली आणि घरातली सगळी माणसं पित्तानं हैराण. मी म्हटलं, "अरे, भजी तळून कढईचं वर्ष भरत नाही. विकत कधी घेतली ते बघतात." तो म्हणाला, "ते तुमी बगा. भजी झ्याक हुती." बाईंनी आम्हा दोघांनाही वाढली.

एका आजोबांनी घोंगडी नेण्याचा हट्ट धरला होता. लोकरीत कुसळं अडकलेली असतात, ती चालत नाहीत. मी म्हणत होतो, ठेवून जा. हा घोंगडी घेऊन उन्हात बसला आणि दुपारभर एकेक कुसळ काढत राहिला. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बसले. निघताना घोंगडी कुठल्या पेटीत जाते याकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. कुठल्या तरी जुन्या जत्रेतल्या कुस्तीवरून त्यांचं भांडण चाललं होतं.

मी हे सारं लांबवतो आहे, हे माझ्या लक्षात येतंय. पुढचं लिहायला हात उचलत नाही, म्हणून.

माझी एकुलती मुलगी ऑस्ट्रेलियाला निघाली. नवऱ्याला तिकडे नोकरी लागली होती. तिची आई जाऊन फार दिवस झाले नव्हते. आईची भांडी तिनं मागितली. पितळी डबे, पोळपाट, बसायचे पाट, लहानसा सागवानी देव्हारा आणि दुधाचं जाड बुडाचं पातेलं. बांधायला अर्थातच तो आला. त्या दिवशी त्यानं तोंडात तंबाखूही घातली नाही. "आज घरचं काम हाय," म्हणाला.

लाकडी वस्तूंना किडीचं एक भोकही नाही, हे त्यानं बॅटरी मारून मारून बघितलं. जावयाचे बूट जुन्या दात घासायच्या ब्रशनं घासले. प्रत्येक डब्यात मूठ घालायची, कपाळाला लावायचा, मूठ काढायची, पुसायचं. मुलगी हसत होती. "काका, बाबा रागावतील."

"आज न्हाई रागवायचे. लेकीचं भांडं हाय."

दुधाचं पातेलं त्यानं जरा जास्त वेळ कपाळाला लावून धरलं. माझी बायको त्याला त्यातलंच दूध घालून चहा द्यायची. मग त्यानं ज्वारी काढली, पातेलं पुसलं, झाकण ठेवलं आणि पेटीत बसवलं. मुलीनं जेवायला हाक मारली. सगळे आत गेले. मी म्हटलं, येतो.

दारात ती उघडी पेटी आणि मी. मी पातेल्याचं झाकण काढलं. आतून लख्ख पुसलेलं, अगदी रिकामं. जन्मभर ज्यांच्या त्यांच्या घरात मी 'असू दे रिकामं' म्हणत आलो होतो. त्या वेळी मला ते पातेलं बघवेना. मी स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं कोठीत गेलो, मूठभर शाळू ज्वारी घेतली, पातेल्यात टाकली, झाकण लावलं आणि वर टॉवेल दाबला. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. नियम मला माहीत होता, मुलीनं 'धान्य नाही' म्हणून माझ्यासमोर सही केली होती, हेही माहीत होतं. एवढ्याशा मुठीला कोण बघतो, असं मला वाटलं. हेच दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला तासभर व्याख्यान दिलं असतं.

जेवून तो आला. पेटी ठोकायच्या आधी सगळं पुन्हा एकदा हात लावून बघायची त्याची पद्धत. त्यानं टॉवेलाला हात घातला.

"मी बघितलंय सगळं," मी म्हणालो. "ठोक."

"बगितलंय न्हवं?"

"म्हटलं ना, बघितलंय."

त्यानं खिळे ठोकले.

जहाजानं सामान पोचायला बरेच आठवडे लागतात. तेवढ्यात दाण्याला कीड लागते. बंदरावर पेटी उघडली तेव्हा पातेल्यात सोंडकिडे फिरत होते. मुलीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. नवा देश, नवी ओळख, आणि पहिल्याच सहीला ती खोटी ठरली होती. तिची चौकशी झाली, दंड झाला. लाकडाच्या वस्तूंत किडे शिरले असतील म्हणून पोळपाट, पाट आणि देव्हारा त्यांनी नष्ट केले. आईच्या वस्तूंतलं लाकडाचं काही उरलं नाही.

"बाबा, तुमच्या माणसानं काय केलं हे!" ती म्हणाली. "इतकं हसत होते मी त्यांना. एक मूठ काढायची राहिली त्यांची."

तिनंच त्याचं नाव घेतलं. मी फक्त गप्प राहिलो. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो, की मी कुणावर आळ घेतला नाही. पण फोनवर गप्प राहणं हे काय असतं, ते म्हाताऱ्या माणसाला कुणी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या दिवशी तो आला. मुलीनं पातेल्याचा फोटो पाठवला होता. तो मी त्याला दाखवला. का दाखवला? आपल्याला खरंच काही माहीत नाही, असं मला स्वतःलाच दाखवायचं असावं. त्यानं मोबाईल डोळ्यांजवळ धरला, दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"शाळू हाय," तो म्हणाला.

मी समोरचे कागद सारखे करू लागलो.

"मीबी शाळूच आनला हुता." बराच वेळ तो फोटोकडे बघत राहिला. "अण्णा, मला तर काडल्यालं आठवतंय. पर डबं लय हुतं. एकाचं दुसऱ्याला आठवत आसंल." मग त्यानं मान वर केली. "तुमी बगितलं हुतं न्हवं?"

तो माझ्यावर संशय घेत नव्हता. बुडता माणूस काठावरच्याला विचारतो, तसं विचारत होता. मी 'हो' म्हटलं असतं तरी तो सुटला असता.

"वरवर पाहिलं होतं," मी म्हणालो.

तो खाली बसला. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग म्याच इसरलो," म्हणाला. "ताईच्या पेटीला इसरलो. हात मेला माजा." आणि त्यानं माझी माफी मागितली. वाकून, माझ्या पायाला हात लावून. मी "असू दे, असू दे" म्हणालो.

मी ते 'असू दे' मोठ्या मनानं म्हणालो, हे सर्वांत वाईट.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मी सांगितली नाही, पण लोकांनी विचारलं तेव्हा नाकारलीही नाही. आमच्या धंद्यात माणसं थोडी. कुपवाडच्या खोकेवाल्यांपासून साताऱ्याच्या गाडीवाल्यांपर्यंत महिन्याभरात सगळ्यांना कळलं. तो दिसला की कुणीतरी ओरडायचा, "काय रं गड्या, आज कुठल्या देशात पेरणी?" तो पूर्वीचा असता तर अशी जीभ चालवली असती की विचारणाऱ्याला पळता भुई थोडी झाली असती. आता तो खाली बघून खिळे मोजत बसायचा.

पुरचुंडी त्यानं आणणं बंद केलं. भांड्यांशी बोलणं बंद झालं. पण खरं नुकसान वेगळंच झालं. त्याचा स्वतःच्या हातावरचा विश्वास गेला. ठोकलेली पेटी तो पुन्हा उकलायचा. डबा उघडायचा, पालथा करायचा, आपटायचा, पुसायचा, झाकायचा, आणि दोन पावलं गेला की परत यायचा. एकदा साताऱ्यात एका घरी गाडी खाली ताटकळत उभी, गाडीवाला शिव्या देतोय, घरातली माणसं घड्याळ बघतायत आणि हा शेवटची पेटी उकलून बसलेला.

"अरे, तूच आत्ता बघितलंस ना?" मी म्हणालो.

"म्या बगितलं म्हनूनच बगतोय," तो म्हणाला.

गिऱ्हाइकं कुरकुर करायला लागली. मी त्याला कमी बोलवायला लागलो. बाहेर सांगताना म्हणायचो, त्याचं आता वय झालं. वय माझं त्याच्यापेक्षा जास्त होतं. एक दिवस तो स्वतःच म्हणाला, "अण्णा, मी गावाकडं जातो. हितं माज्यानं कुनाचं तरी पुन्यांदा वाटुळं व्हईल." मी त्याला थांबवलं नाही. तो गेला आणि मला, काय सांगू तुम्हाला, हलकं वाटलं. रोज सकाळी त्याचं तोंड बघायला लागायचं नाही, म्हणून.

त्यानंतर मी त्याला एकदाच पाहिलं. विट्याला एका ओळखीच्यांच्या घरचं लग्न होतं. तोही आला होता, गावाकडून. दुपारी नवरीच्या संसाराची भांडी टेंपोत भरायची होती आणि पोरांची धांदल उडाली होती. कुणीतरी म्हणालं, "आवं मामा, तुमी तर यातलं जानकार. जरा हात लावा की."

तो मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता. त्यानं दोन्ही हात काखेत घातले. "नगं रं बाबा," म्हणाला. "लेकीबाळीची भांडी हायेत. माजा हात ऱ्हाऊ द्या."

मी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होतो. माझ्या ताटात जिलेबी होती. त्यानं मला बघितलं, जवळ आला, नमस्कार केला आणि पहिला प्रश्न विचारला, "ताई बरी हाय न्हवं? आजून राग हाय का तिला?"

"नाही रे," मी म्हणालो. "विसरली ती."

ते सांगायची वेळ तीच होती. मांडवात त्याची माणसं होती, माझीही होती. एक वाक्य पुरलं असतं. मी जिलेबी खाल्ली.

पुढे मीही धंदा बंद केला. वर्षं गेली. हल्ली आमच्या इमारतीत एक शिक्षिका राहायला आल्या. निवृत्त झाल्यावर मुलाकडे मेलबर्नला जायचं त्यांच्या मनात आहे. मी पूर्वी हेच काम करायचो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून त्या नियम विचारायला खाली बाकावर येऊन बसल्या. लाकूड, मसाले, लोणची, सगळं विचारून झालं. मग हसत म्हणाल्या, "माणसं मात्र नीट बघून सांगा हं, काका. पूर्वी म्हणे सांगलीत एक बांधणारा होता, वेडसर. लोकांच्या भांड्यांत गुपचूप ज्वारी भरायचा. एका बिचाऱ्या मुलीला तिकडे पकडलं होतं त्याच्यामुळे."

वेडसर. गुपचूप. बाईंचा काही दोष नव्हता. गोष्ट त्यांच्यापर्यंत येईस्तोवर अशीच झाली होती. आणि ती आता सांगलीत कुणाच्याही तोंडी अशीच राहणार होती, मी गेल्यावरसुद्धा.

"तो वेडसर नव्हता," मी म्हणालो. पुढचं बोलता आलं नाही. त्या बाईंनाही हे वाचायला देणार आहे.

त्याच आठवड्यात मी विट्यावरून वडूजच्या एसटीत बसलो. फाट्यावर उतरून विचारत विचारत गेलो. वस्तीवर पत्र्याचं घर, पुढं बाभळ, दोन शेळ्या. त्याची बायको सरपण फोडत होती. मला तिनं ओळखलं नाही. सांगितल्यावर डोईचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "आवं, अण्णा व्हय! उशीर केला. गेलं की ते, उन्हाळ्यात."

मी ओट्यावर बसलो. तिनं पाणी दिलं, चहा टाकते म्हणाली. मी नको म्हटलं. म्हटलं, आधी ऐका, मग चहा द्यायचा का ते ठरवा.

मी सगळं सांगितलं. कोठीत गेलो तिथपासून 'वरवर' पर्यंत. बोलताना मी जमिनीकडे बघत होतो. माझं सांगून झालं. शेळीचं करडू दाव्याला गुंतलं होतं, ते तिनं उठून सोडवलं आणि परत येऊन बसली.

"पोरीच्या सासरला डबा धाडायचा म्हटलं," ती म्हणाली, "तरी मलाच भराय लावायचे. मी म्हनायची, आवं, तुमी भरा, तुमचं नीट ऱ्हातंय. तर म्हनायचे, माज्या हाताचं काय सांगता येत न्हाई. पोरं हसायची. मीबी हसायची." मग म्हणाली, "मला वाटायचं, म्हातारपन आलं."

"मला क्षमा करा," असं काहीतरी मी म्हणालो.

"मला काय करताय? माजं काय नेलं तुमी?" आवाज चढलेला नव्हता. "ताईला सांगितलं?"

मी मान हलवली. नाही.

"म्हंजी ती पोर आजून त्यास्नीच बोल लावत आसंल."

"हो."

"मग हितं कशाला आला आदी? तिला सांगा."

"सांगतो. घरी गेल्यावर..."

"घरी कशाला? फोन हाय की तुमच्या खिशात."

अशी ती. भांडली नाही, रडली नाही, समोर बसून राहिली. मी फोन लावला. मला कमी ऐकू येतं, त्यामुळे माझा फोन नेहमी मोठ्या आवाजावर असतो. तिकडे संध्याकाळ झाली असावी, मागे भांड्यांचा आवाज येत होता. मुलगी म्हणाली, "बाबा? बरं आहे ना सगळं? कुठून बोलताय?"

मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. गेलं नाही. पातेल्याशी आलो तेव्हा मधेच थांबलो. समोरची बाई शांतपणे म्हणाली, "सांगा फुडं." मी पुढचं सांगितलं.

तिकडचा भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं, फोन तुटला.

"बाबा," शेवटी ती म्हणाली, "मी त्यांना काय काय बोलले. सगळ्यांना सांगितलं मी." मग एकदम घाईनं, लहान असताना बोलायची तशी म्हणाली, "तुम्ही त्यांच्याकडेच आहात ना आत्ता? मग काकांना द्या ना फोन. मला बोलायचंय त्यांच्याशी. द्या ना, बाबा."

मी नुसता फोन धरून होतो. तेव्हा त्याची बायको उठली, हात पदराला पुसले, माझ्या हातातला फोन घेतला आणि तोंडाशी उभा धरला.

"न्हाईत ओ ते, ताई," ती म्हणाली. "काय बोलायचं ते माज्यापाशी बोला. मी सांगते त्यास्नी."